एका तासात माध्यमसाक्षर! नवोदित आयोजकांसाठी मार्गदर्शिका

सर्वप्रथम अभिनंदन. तुमच्या शाळेत माध्यम साक्षरतेची कार्यशाळा घ्यायचं ठरलं, तेव्हा तुम्ही नेमके स्टाफरूममध्ये होता आणि तुमच्याकडे तासही कमी होते, म्हणून ही जबाबदारी तुमच्या गळ्यात पडली आहे. घाबरू नका. वरून पत्र आलं असेल किंवा संस्थेच्या चिटणीसांनी कुठल्या तरी परिषदेत हा शब्द ऐकला असेल. अपेक्षा दोन्हीकडे एकच. कार्यशाळा झाली पाहिजे आणि काही बिघडता कामा नये.

बिघडणं म्हणजे काय, ते आधी समजून घ्या. समजा, एखाद्या मुलाला खरोखरच कळलं की मजकूर समोर आला की तो कुणी लिहिला, कधी लिहिला, पुरावा काय आणि यात फायदा कुणाचा, हे विचारायचं असतं. ते मूल संध्याकाळी घरी जातं. घरी आजोबा आहेत, आजोबांच्या हातात फोन आहे. दुसऱ्या दिवशी ते परत शाळेत येतं. शाळेत फळ्यावर सुविचार आहे आणि सुविचाराखाली कुणा थोर माणसाचं नाव आहे. ते मूल कुठे कुठे विचारत सुटेल, याची कल्पना करा. म्हणून आपलं उद्दिष्ट स्पष्ट असू द्या: शाळा माध्यमसाक्षर दिसली पाहिजे, मात्र कुणी माध्यमसाक्षर होता कामा नये. पुढच्या सूचना तंतोतंत पाळल्यात तर हे सहज जमतं.

१. तारीख धरा

६ जानेवारी. १८३२ साली याच दिवशी बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' सुरू केलं, म्हणून आपल्याकडे हा पत्रकार दिन. पत्रकारांचे सत्कार त्या दिवशी होतच असतात, तेव्हा एका हारतुऱ्यात दोन कार्यक्रम निघतात. ज्यांच्या बातम्या कशा पारखायच्या हे मुलांना शिकवायचं, त्यांनाच मंचावर बसवून शाल घातली की पारखण्याचा विषय कुणी काढत नाही.

जांभेकरांची प्रतिमा आदल्या रात्री इंटरनेटवरून उतरवून घ्या. ती त्यांचीच आहे का, हे बघत बसू नका. चुकीचा फोटो लागला तर ओळखणार कोण? ज्यांना ओळखता येईल अशांना आपण बोलावलेलंच नाही.

२. बातमी आधी लिहा

अनुभवी आयोजक बातमी दोन दिवस आधी तयार ठेवतो. नमुना देतो, उतरवून घ्या: 'येथील विद्यालयात माध्यम साक्षरता कार्यशाळा मोठ्या उत्साहात संपन्न झाली. मान्यवरांनी मौलिक मार्गदर्शन केले. विद्यार्थ्यांनी उत्स्फूर्त प्रतिसाद दिला.' उत्साह, मौलिक आणि उत्स्फूर्त हे तीन शब्द आले की उपसंपादक पुढचं वाचत नाही. ही बातमी सगळ्या स्थानिक दैनिकांना एकदम पाठवा. सगळीकडे ती तशीच छापून येईल. एखाद्या ठिकाणी मुख्याध्यापकांचं आडनाव तेवढं चुकेल.

या पद्धतीला आपल्या राज्यात थोर परंपरा आहे. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत वेगवेगळ्या मराठी दैनिकांत नेत्यांची स्तुती शब्दाला शब्द जुळेल अशी छापून आली होती. तीही बातमी म्हणून, जाहिरात म्हणून नव्हे. पत्रकार पी. साईनाथ यांनी ते जाहीरपणे मांडलं, 'पेड न्यूज' हा शब्द गावोगाव पोहोचला आणि २०१० मध्ये प्रेस कौन्सिलच्या उपसमितीनं त्यावर सविस्तर अहवालही लिहिला. कौन्सिलनं आधी त्याचं संक्षिप्त रूपच बाहेर काढलं, ही त्यातली शिकण्यासारखी गोष्ट. तुमचं काम तर फुकटात होतंय.

एक धोक्याची सूचना. छापून आलेली कात्रणं फाइलला लावा, पण वर्गात शेजारी शेजारी ठेवू नका. मुलांना 'जोड्या लावा' हा प्रश्नप्रकार फार आवडतो.

३. वेळेचं नियोजन

कार्यशाळा एका तासाचीच ठेवा. दीपप्रज्वलन, प्रतिमापूजन, स्वागतगीत, पाहुण्यांचा परिचय, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक, अध्यक्षीय मनोगत आणि आभार एवढं बसवलं की मूळ विषयाला बारा-पंधरा मिनिटं उरतात. त्यात प्रोजेक्टर सुरू होण्याची वेळ धरलेली आहे.

'एका तासात काय होणार?' असं एखादे अतिउत्साही सर विचारतील. त्यांच्या तोंडावर संशोधन फेका. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीच्या काळात सुमित्रा बद्रीनाथन या संशोधिकेनं बिहारमध्ये प्रयोग केला. प्रशिक्षित माणसं घरोघर गेली आणि खोटी बातमी कशी ओळखायची, हे त्यांनी सुमारे तासभर बसून शिकवलं. नंतर तपासलं, तर एकूणात म्हणण्यासारखा फरक पडलेला नव्हता. पक्षावर जीव असलेल्या काहींना तर आपल्या बाजूची खोटी बातमी ओळखणं आणखी अवघड गेलं. यापेक्षा भक्कम हमी कुठे मिळणार? तीही मन लावून घेतलेल्या, घरी जाऊन शिकवलेल्या तासाची. आपल्या तासात तर स्वागतगीतही आहे.

मात्र याच संशोधिकेनं सहकाऱ्यांबरोबर पुढे बिहारमध्येच दुसरा प्रयोग केला, त्याचा उल्लेख टाळा. तिथे तेरा हजारांहून जास्त मुलामुलींतल्या एका गटाला काही आठवडे पुन्हा पुन्हा बसवून शिकवलं. मुलं खरंखोटं बऱ्यापैकी ओळखू लागली, काही महिन्यांनीही विसरली नाहीत आणि त्यांच्या आईवडिलांवरही परिणाम दिसला. म्हणून दुसरं सत्र कधीही ठेवू नये. कुणी मागितलं तर 'सराव परीक्षा आहेत' म्हणा. त्या असतातच.

४. उदाहरणं जपून निवडा

नवखे आयोजक इथेच घसरतात. उदाहरण जुनं असावं, लांबचं असावं आणि सभागृहातल्या कुणाचंही त्यात काही अडकलेलं नसावं. वर्षानुवर्षं चालत आलेली तीन देतो.

पहिलं: युनेस्कोनं आपलं राष्ट्रगीत जगात सर्वोत्तम ठरवलं. युनेस्को असा पुरस्कारच देत नाही, हे सांगितलं की सगळे हसतात. तो संदेश शेजाऱ्यानं पाठवला होता, असं प्रत्येकाला वाटत असल्यामुळे कुणाला लागत नाही.

दुसरं: दिवाळीच्या रात्री अवकाशातून 'नासा'नं टिपलेला झगमगता भारत. प्रत्यक्षात तो वेगवेगळ्या वर्षांतल्या उपग्रहचित्रांना वेगवेगळे रंग देऊन केलेला नकाशा आहे. वस्ती आणि दिवे कसे वाढत गेले, ते त्यात दिसतं. दिवाळीचा काही संबंध नाही. चित्र सुंदर असल्यामुळे स्लाइड छान दिसते आणि खोटं आहे हे सांगितल्यावरही दोघे-तिघे पालक ते मागून घेतात. द्या.

तिसरं: नोव्हेंबर २०१६ मध्ये आलेल्या दोन हजारांच्या नोटेतली नॅनो चिप, जी म्हणे जमिनीत खोल पुरलेली नोटसुद्धा उपग्रहाला दाखवणार होती. याला हशा हमखास, पण जरा जपून. ही चिप वृत्तवाहिन्यांनी ग्राफिक्स करून, निवेदकांच्या तोंडून समजावून सांगितली होती. 'खोटं फक्त व्हॉट्सॲपवर असतं' हे आपलं मुख्य सूत्र त्यामुळे ढिलं पडतं. वाहिन्यांचा भाग गाळा, नोटेवर थांबा.

आता, कुठलं उदाहरण घ्यायचं नाही. १ जुलै २०१८, धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातलं राईनपाडा, आठवडे बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागत तिथे आले. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, असे संदेश त्या भागातल्या फोनांवर आधीपासून येत होते. जमावानं त्या पाचांना ग्रामपंचायतीच्या खोलीत मारून टाकलं. त्याच काळात देशभर 'पुरावा' म्हणून फिरलेली एक क्लिप कराचीतल्या एका संस्थेनं बालसुरक्षेसाठी केलेली जाहिरात होती. मूळ फितीत दुचाकीवरचे दोघे मूल उचलतात, परत आणून सोडतात आणि मूल उचलणं किती सोपं आहे, असा फलक दाखवतात. तो शेवट कुणीतरी कापून टाकला होता.

हे सांगितलंत तर कार्यशाळा हातातून गेली म्हणून समजा. यातलं खोटं ओळखायला ना इंग्रजी लागतं, ना ॲप. क्लिप इथेच का थांबते, एवढं विचारलं तरी पुरे. आणि मुलं तिथे थांबत नाहीत. असे संदेश पुढे पाठवतात ते कोण, हेही विचारतात. त्याचं उत्तर फार गैरसोयीचं आहे: कुणाचे काका, कुणाची मावशी, मुलांच्या काळजीनं पाठवणारी आपलीच साधी माणसं. त्यानंतर 'समाजकंटकांपासून सावध रहा' ही स्लाइड दाखवता येत नाही, आणि ती तर तुम्ही लाल अक्षरांत केलेली असते.

५. पाठ्यपुस्तकापासून सावध

तुम्हाला वाटत असेल, हा विषय नवा आहे. तो नाही. दहावीच्या इतिहासाच्या पुस्तकात २०१८ पासून 'प्रसारमाध्यमे आणि इतिहास' नावाचा पाठ आहे आणि माध्यमांतून आलेली माहिती चिकित्सा करूनच स्वीकारावी, हे त्यात चक्क छापलेलं आहे. वर हिटलरच्या रोजनिशांचं उदाहरण. 'स्टर्न' या जर्मन साप्ताहिकानं प्रचंड पैसे मोजून त्या घेतल्या, १९८३ साली गाजावाजा करून छापायला सुरुवात केली, ह्यू ट्रेव्हर-रोपर यांच्यासारख्या नामांकित इतिहासकारानं आधी निर्वाळाही दिला, आणि कागद-शाई तपासल्यावर सगळं बनावट निघालं. केवढा स्फोटक पाठ! एखाद्या वर्गानं तो मनावर घेतला असता तर?

सुदैवानं यावरचा उतारा आपल्याकडे आधीपासून आहे. विधान फळ्यावर लिहा, पुढे 'सकारण स्पष्ट करा' लिहा आणि गाइडमधलं चार मुद्द्यांचं उत्तर पाठ करून घ्या. चिकित्सा का करावी, याची चार कारणं मुलं डोळे मिटून म्हणतात. त्यातल्या एकानंही पाचवं कारण स्वतःच्या मनानं लिहिलं तर गुण कापा. 'उत्तर पुस्तकातलं हवं,' असं सांगा. हिटलरच्या रोजनिशा खोट्या होत्या हे त्यांना परीक्षेपुरतं आठवेल आणि मूळ दस्तऐवज बघायला मागायची सवय कुणाला लागणार नाही. निकाल शंभर टक्के.

६. फिनलंड

भाषणात फिनलंड एकदा यावंच लागतं. 'तिथे तर लहानपणापासून शिकवतात!' म्हणा, सुस्कारा टाका आणि पुढे सरका. ते काय करतात, त्या तपशिलात शिरू नका. तिथे माध्यम साक्षरतेचा वेगळा तासच नसतो, ती सगळ्या विषयांत मुरवलेली असते. गणिताच्या तासाला आकडे कसे फसवतात, चित्रकलेच्या तासाला चित्र कसं बदलता येतं, इतिहासाच्या तासाला प्रचार कसा चालतो. आपल्याकडे हे केलं तर गणिताचे सर स्तंभालेखाचा अक्ष शून्यापासून सुरू होतो की नाही हे बघायला लावतील आणि प्रवेशद्वारावरचा, शाळेच्या निकालाची उंच झेप दाखवणारा तुमचा फ्लेक्स पहिला सापडेल.

केरळात कन्नूरच्या जिल्हा प्रशासनानं २०१८ मध्ये सरकारी शाळांतून असे वर्ग घ्यायला लावले होते. हे शेजारच्या घरात पाळणा हलल्यासारखं आहे, म्हणून सांगूच नका. फिनलंड लांब आहे, ते बरं.

७. प्रश्नोत्तरं

'वेळेअभावी' हा शब्द आभारप्रदर्शकाला आधीच पाठ करायला द्या. तरीही कधी पाहुणे उशिरा येतात, मधली पाच मिनिटं मोकळी सापडतात आणि आठवीतली एखादी मुलगी हात वर करते. ओळखू येते ती. पहिल्या बाकावर नसते, वक्तृत्व स्पर्धेत नसते, तिला कुणी चिठ्ठी दिलेली नसते. ती विचारते, 'सर, आपल्या वर्गाच्या ग्रुपवर सुट्टीचं पत्र आलं होतं, त्यावर जावक क्रमांक नव्हता. ते खरं होतं का?'

पहिला उपाय: 'छान प्रश्न आहे, बस.' दुसरा: 'हे तू इंटरनेटवर शोध.' तिसरा सर्वांत गुणकारी: वर्गाकडे वळून 'टाळ्या!' टाळ्या वाजल्या की प्रश्न संपतो. आणि त्या मुलीला पुढच्या वर्षी सूत्रसंचालनाला घ्या. ज्याच्या हाती माईक, त्याला प्रश्न पडत नाहीत, हा मंचाचा जुना अनुभव आहे.

मोठ्यांना 'कशावरून?' विचारणं हे उलट बोलणं, ही शिकवण मुलांनी घरातून आणलेलीच असते. आपण तिला फक्त धक्का लावायचा नाही. निम्मं काम त्यातच होतं.

८. वस्तीत आणि सोसायटीत

शाळेतला प्रयोग यशस्वी झाला की तुम्हाला ज्येष्ठ नागरिक संघाचं बोलावणं येईल. तिथला श्रोतृवर्ग वेगळा. तो सकाळी साडेपाचला उठतो आणि सहाला सुप्रभात पाठवतो. पुलं, वपु, कुसुमाग्रज आणि नाना पाटेकर यांनी जे कधी लिहिलं-बोललं नाही, ते याच वर्गानं जपून ठेवलं आहे. त्यांना मूळ पुस्तक मागू नका, चहा गार होईल.

त्यांना तांत्रिक मार्गदर्शन आवडतं, ते द्या. २०१८ च्या जुलैत, धुळ्यासारख्या घटनांनंतर, व्हॉट्सॲपनं भारतात एक संदेश एका वेळी पाच ठिकाणांपुरताच पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आणली आणि पुढे पाठवलेल्या संदेशावर तशी खूण दिसू लागली. २०२० च्या एप्रिलमध्ये, फार वेळा फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असं केलं. यावर काका लोकांनी काढलेला मार्ग असा: मजकूर कॉपी करायचा, नवीन म्हणून चिकटवायचा. खूण जाते, मर्यादा जाते आणि संदेश स्वतःचा होतो. खाली 'जसं आलं तसं पाठवलं' लिहिलं की अंगावर काही राहत नाही. हा मार्ग चुकीचा आहे, हे सांगण्याच्या निमित्तानं तो नीट समजावून सांगा. ज्यांना माहीत नव्हता, तेही वहीत टिपून घेतील.

नुकसानीच्या गोष्टी मात्र टाळा. २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये कोंबडी खाल्ल्यानं करोना होतो या अफवेवर राज्यातल्या कुक्कुटपालकांनी पक्षी मातीमोल भावानं विकले. सभेत एखाद्याच्या भाच्याचं शेड असतं आणि तो संदेश मामांनीच पाठवलेला असतो. तसंच 'डिजिटल अरेस्ट'चं. व्हिडिओ कॉलवरचा गणवेशधारी धमकावून पैसे उकळतो. अशी अटक कायद्यात मुळी नाही, हे एक वाक्य या श्रोत्यांना खरोखर उपयोगी पडेल. आणि आपण इथे उपयोगी पडायला आलेलो नाही. ते काम पोलिसांच्या पत्रकावर सोडा. ते जिन्याखालच्या फलकावर, सत्यनारायणाच्या पूजेच्या निमंत्रणामागे लावलेलं आहे.

महिला मंडळात संक्रांतीच्या हळदी-कुंकवाला हा विषय घ्या, वाण म्हणून 'खोट्या बातम्या ओळखा' असं छापलेली प्लास्टिकची डबी द्या. छापखान्याला मजकूर व्हॉट्सॲपवर पाठवायचा असल्यामुळे 'खोट्या'चं 'खोट्य' होईल. चालतं.

९. प्रमाणपत्र आणि अहवाल

प्रमाणपत्र ऑनलाइन द्या. टाळेबंदीच्या उन्हाळ्यात ही कला आपल्या शिक्षकांनी पूर्णत्वाला नेली. फॉर्मवर नाव भरलं की प्रमाणपत्र ई-मेलवर येतं, उत्तरं काहीही असोत. अभिप्रायासाठी तीन पर्याय पुरेत: उत्तम, अतिउत्तम, अविस्मरणीय. कार्यशाळेला हजर राहणं बंधनकारक ठेवू नका, त्यानं सहभागाचा आकडा उगाच खाली येतो.

जीपीएस असलेला फोटो आवश्यक. दिवे लागले नाहीत, पाहुणे आले नाहीत, तरी बॅनर आणि पुढच्या दोन रांगा भरलेल्या दिसल्या पाहिजेत. सातवीची मुलं मैदानातून आणून बसवा, फोटो झाला की सोडा.

मग अहवाल भरायची लिंक. ती रात्री बाराला बंद होते आणि साडेअकराला हँग होते. उपस्थितीच्या रकान्यात पटसंख्या लिहा, त्यात गैरहजर मुलंही आली. तुमचा आकडा केंद्राच्या बेरजेत जाईल, केंद्राचा तालुक्याच्या, तालुक्याचा जिल्ह्याच्या, आणि चार-सहा महिन्यांनी कुठल्या तरी मंचामागे 'इतके लाख विद्यार्थी माध्यमसाक्षर' असा मोठा फलक उभा राहील. त्याचा फोटो तुमच्याच ग्रुपवर येईल. आला की अंगठा द्या, 'अभिमानास्पद!' लिहा आणि पुढे पाठवा.